दुसरी सही कुणाची?

गेल्या महिन्यात रात्री साडेदहाला कॉलेजमधल्या एका ज्युनिअरचा मेसेज आला. "दादा, जागा आहेस का? एक ऑफर लेटर पाठवते, बघ ना."

पीडीएफ उघडली. वर निळ्या रंगात कारचं चित्र, खाली 'इलेक्ट्रिक वाहनांसाठी एम्बेडेड सॉफ्टवेअर इंटर्नशिप'. मुदत सहा महिने. ठिकाण महापे, नवी मुंबई. लाइव्ह प्रोजेक्ट, सर्टिफिकेट, शिफारसपत्र. स्टायपेंडच्या रकान्यात 'कामगिरीनुसार'. आणि अगदी शेवटी, बारीक अक्षरात, ट्रेनिंग किट व नोंदणी शुल्क १२,००० रुपये, परत मिळणार नाही.

ही मुलगी परभणीची. कोपरखैरण्यात एका खोलीत चौघीजणी राहतात. शिक्षणाचं कर्ज आहे. वडिलांचं दुकान आहे, ते जेमतेम चालतं. तिचा प्रश्न एवढाच होता, "भरू का पैसे?"

मी लगेच 'नको' असं टाइप केलं आणि पुसलं. कारण पुढे तिने "मग काय करू?" असं विचारलं असतं, तर माझ्याकडे उत्तर नव्हतं. कॉलेजला इंटर्नशिपचं पत्र हवंय, क्रेडिट त्याच्यावर आहेत. आणि मी स्वतः शेवटच्या वर्षाला असताना नेमकं असंच काहीतरी केलं होतं. मला फी भरावी लागली नव्हती इतकाच फरक. मी फुकट गेलो होतो.

हा लेख त्या 'फुकट'बद्दल आहे. इंटर्नला पैसे द्यायला हवेत, हे मी म्हणणारच आहे. पण माझा मुख्य राग वेगळा आहे. ज्याला कुणी पगार देत नाही, त्याचं काम कुणी तपासतही नाही. आणि इलेक्ट्रिक गाडीच्या बाबतीत ते न तपासलेलं काम लोकांच्या घरात, रात्री, चार्जिंगला लावलेलं असतं.

उणे चाळीस

२०१९ च्या जानेवारीत मी ठाणे-बेलापूर रोडलगतच्या एका छोट्या कंपनीत इंटर्न म्हणून लागलो. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण मुद्दा एका कंपनीचा नाही. तिचाकी गाड्यांसाठी लिथियम बॅटरीचे पॅक बनवायचे. इलेक्ट्रिक वाहनांचे दिवस नुकते येऊ घातले होते. त्याच वर्षी एप्रिलपासून केंद्र सरकारची १०,००० कोटींची फेम-२ योजना सुरू झाली आणि ज्याच्या त्याच्या तोंडी ईव्ही झालं. मी खूश होतो. मित्र टेस्टिंगच्या क्लासला जात होते आणि माझ्या हातात खरा बोर्ड होता.

दुसऱ्या महिन्यात मला बीएमएसचं, म्हणजे बॅटरी मॅनेजमेंट सिस्टमचं, तापमानाचं काम मिळालं. ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पॅकमध्ये अनेक सेल असतात. प्रत्येकाचं व्होल्टेज किती, करंट किती, तापमान किती, यावर एक छोटा मायक्रोकंट्रोलर लक्ष ठेवतो आणि काही बिनसलं की पॅक बंद करतो. तापमान मोजायला थर्मिस्टर लावतात. गरम झाला की त्याचा रेझिस्टन्स कमी होतो, थंड झाला की वाढतो. कंट्रोलर त्यावरून एक आकडा वाचतो, शून्य ते ४०९५, आणि तक्त्यात बघून अंश सेल्सिअस काढतो.

मी कोड लिहिला. तापमान ६० च्या वर गेलं की पॅक बंद. हॉट एअर गनने थर्मिस्टर तापवला, पॅक बंद झाला. आमचे एकुलते एक सीनिअर होते. तेच फर्मवेअर बघायचे, तेच सेलची खरेदी करायचे, तेच ग्राहकांच्या शिव्या खायचे. त्यांनी लांबूनच विचारलं, "चालतंय ना? मग टाक." मी टाकलं. तो कोड पॅकमध्ये गेला आणि पॅक कंपनीबाहेर गेले.

किमान तापमानाची अट घालायची का, असं मी एकदा विचारलं होतं. लिथियम सेल शून्याच्या खाली चार्ज करू नये, हे कुठेतरी वाचलं होतं. उत्तर आलं, "अरे, नवी मुंबईत कधी शून्य अंश होतं का?" सगळे हसले. मीही हसलो.

मे महिन्यात एके दुपारी बेंचवरच्या एका पॅकचा कनेक्टर ढिला झाला. स्क्रीनवर त्या सेन्सरचं तापमान आलं उणे चाळीस. बाहेर महापे एमआयडीसीत अंगाची लाही लाही होत होती.

थर्मिस्टरची तार तुटली की रेझिस्टन्स जवळजवळ अनंत होतो. कंट्रोलर ४०९५ वाचतो. तक्त्यात ४०९५ म्हणजे सगळ्यात थंड, उणे चाळीस. माझा कोड विचारतो, साठच्या वर आहे का? नाही. म्हणजे सगळं ठीक. तार तुटलेला पॅक आतून कितीही तापला तरी माझ्या कोडच्या मते तो बर्फात ठेवलेला होता. आणि ज्या किमान तापमानाच्या अटीवर आम्ही हसलो होतो, त्या एका ओळीने ही तुटलेली तार पकडली असती.

मी धावत सीनिअरकडे गेलो. ते म्हणाले, "बरं झालं सापडलं. पुढच्या बॅचला टाकू." गेलेल्या पॅकचं काय? "त्यांच्या तारा नीट आहेत." किती पॅक गेले होते? मला कुणी आकडा सांगितला नाही. इंटर्नने विचारायचा तो प्रश्न नव्हता. जूनमध्ये माझी मुदत संपली. सर्टिफिकेटवर 'उत्कृष्ट' लिहिलं होतं. ते अजून माझ्या लिंक्डइनवर आहे.

त्या पॅकमुळे कुणाला काही झाल्याचं माझ्या कानावर कधी आलं नाही. पण २६ मार्च २०२२ ला पुण्यात रस्त्याकडेला उभ्या असलेल्या इलेक्ट्रिक स्कूटरमधून धूर निघतानाचा व्हिडिओ सगळ्यांच्या फोनवर फिरला, तेव्हा मी तो वीस वेळा बघितला. एप्रिलमध्ये नाशिकला कंटेनरमधल्या वीस स्कूटर जळाल्या. सप्टेंबरमध्ये वसईत घरात चार्जिंगला लावलेल्या बॅटरीचा स्फोट झाला आणि सात वर्षांचा मुलगा गेला. या घटनांशी माझा काही संबंध नाही. मी वापरलेली तिचाकीही नाही, कंपनीही नाही. तरी प्रत्येक वेळी माझ्या डोळ्यांपुढे तोच उणे चाळीसचा आकडा आला.

चूक कुणाची?

माझी. कोड मी लिहिला होता. एकवीस वर्षांचा होतो म्हणून ती माझी नव्हती, असं मी म्हणणार नाही. पण नवशिका चुकणार हे सगळ्यांना आधीच माहीत असतं. म्हणून तर त्याला नवशिका म्हणतात. प्रश्न असा आहे की ती चूक पकडायला तिथे कोण होतं?

माझे वडील याच पट्ट्यात एका केमिकल कारखान्यात ऑपरेटर होते. तिथे वेल्डिंगसारखं काम करायचं तर परमिट लागायचं. त्या कागदावर दोन सह्या असायच्या, एक काम करणाऱ्याची आणि एक परवानगी देणाऱ्याची. दुसरी सही करणारा जागेवर येऊन, लाइन रिकामी केली का, गॅस आहे का, हे बघून मगच सही करायचा. नवीन ट्रेनीला एकट्याने व्हॉल्व्हला हात लावायची परवानगी नव्हती. मी त्यांना माझ्या इंटर्नशिपची ही गोष्ट सांगितली तेव्हा त्यांनी मला रागावलं नाही. फक्त विचारलं, "पण मग दुसरी सही कुणाची होती?"

सॉफ्टवेअरमध्ये या दुसऱ्या सहीला कोड रिव्ह्यू म्हणतात. ती काही चैनीची गोष्ट नाही. २०१३ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यात टोयोटाविरुद्ध एका खटल्याचा निकाल लागला. २००५ ची कॅमरी, २००७ चा अपघात, गाडी आपोआप वेगात गेल्याचा आरोप, चालक बाई गंभीर जखमी आणि शेजारी बसलेल्या बाईंचा मृत्यू. २०११ मध्ये नासाच्या तपासणीत अशा घटनांमागे इलेक्ट्रॉनिक दोष असल्याचा पुरावा सापडला नव्हता. पण या खटल्यात तज्ज्ञांनी गाडीचा सोर्स कोड महिनोन् महिने वाचून साक्ष दिली. दहा हजारांहून जास्त ग्लोबल व्हेरिएबल, अपुरे रिव्ह्यू, बगची नोंद ठेवणारी यंत्रणा नाही. ज्युरीने कंपनीला जबाबदार धरलं आणि त्यानंतर कंपनीने तडजोड केली. त्या साक्षीत माझ्या लक्षात राहिलं ते हे, की तज्ज्ञ नुसता एखादा बग दाखवून थांबले नाहीत. कोड कोणत्या पद्धतीने लिहिला गेला, कुणी तपासला, हे त्यांनी विचारलं.

आपल्याकडे हे कोण विचारतं? २०२२ च्या आगींनंतर सरकारने बॅटरीच्या सुरक्षेचं एआयएस-१५६ हे मानक कडक केलं. १ डिसेंबर २०२२ पासून पहिला टप्पा, ३१ मार्च २०२३ पासून दुसरा. ते चांगलंच झालं. पण अशी चाचणी तयार पॅकची होते. पॅक बुडवतात, हलवतात, तापवतात. त्यातला कोड कुणी लिहिला आणि दुसऱ्या कुणी वाचला का, हे त्या चाचणीत दिसत नाही. ते विचारणारं आयएसओ २६२६२ नावाचं मानक जगात २०११ पासून आहे, २०१८ च्या आवृत्तीत दुचाकीही आल्या. मोठ्या कंपन्या ते पाळतात, कारण त्यांचे परदेशी ग्राहक मागतात. महाप्यातल्या गाळ्यात बसून तिचाकीचे पॅक बनवणाऱ्याला कोण मागणार?

मधल्या फटीत

आता पैशांकडे येतो.

पदवीनंतर तुम्ही १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याखाली शिकाऊ म्हणून लागलात, तर २०१९ च्या नियमांनुसार पदवीधराला महिना किमान ९,००० रुपये ठरवले गेले. करार होतो, नोंदणी होते. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये पंतप्रधान इंटर्नशिप योजना आली. मोठ्या पाचशे कंपन्या, सुरुवातीला महिना ५,००० रुपये. पण ती आली तेव्हा तिच्यात पूर्णवेळ शिकणाऱ्या विद्यार्थ्याला जागा नव्हती.

मग शिकणाऱ्या विद्यार्थ्याचं काय? त्याला इंटर्नशिप तर सक्तीची. एआयसीटीईच्या धोरणात पदवीच्या विद्यार्थ्यासाठी ६०० ते ७०० तासांची इंटर्नशिप सांगितली आहे. ऐरोलीपासून पनवेलपर्यंत कॉलेजांची रांग लागली आहे आणि दरवर्षी हजारो मुलं एकाच वेळी पत्र शोधत फिरतात. मागणी सक्तीची आणि किमतीला खालून आधार नाही. अशा बाजारात काय होतं हे सांगायला अर्थशास्त्र लागत नाही. भाव शून्यावर येतो. मग शून्याच्याही खाली जातो आणि परभणीच्या मुलीकडे १२,००० रुपये मागतो.

फी घेऊन इंटर्नशिप विकणारे आणि फुकट राबवून घेणारे हे दोन वेगळे लोक आहेत, हे मान्य. पहिल्याकडे बहुधा काम नसतंच. यूट्यूबवर आहे तेच शिकवतात, एक स्वस्त बोर्ड हातात देतात, एलईडी लावून दाखवायला सांगतात आणि त्याला 'ईव्ही प्रोजेक्ट' म्हणतात. तोच बोर्ड लॅमिंग्टन रोडला काहीशे रुपयांत मिळतो. दुसऱ्याकडे काम खरं असतं, शिकवणारा नसतो. पण दोघंही उभे आहेत ते एकाच फटीत. विद्यार्थ्याला कागद हवाय, कॉलेजला कागद हवाय, आणि त्या कागदामागे काय घडलं हे कुणालाच बघायचं नाही.

फुकट इंटर्नशिप कुणाला परवडते हेही बोलू. माझं घर नेरुळला. डबा आईचा, पास ट्रान्स-हार्बरचा. मला फुकट काम करणं परवडलं. माझ्या वर्गातला लातूरचा मित्र माझ्यापेक्षा चांगलं सी लिहायचा. त्याने तेच सहा महिने घणसोलीत कॉल सेंटरला काढले, कारण खोलीचं भाडं द्यायचं होतं. पुढे मुलाखतीत मला विचारलं, "बीएमएसवर काम केलंय?" मी हो म्हणालो. त्याला तो प्रश्न विचारेपर्यंत कुणी पोचलंच नाही. ज्या कामात मी तुटलेली तार विसरलो, त्याच कामाने माझं करिअर झालं. हे लिहिताना बरं वाटत नाही.

"पण आम्ही छोटी कंपनी आहोत"

हे नेहमीचं उत्तर. बजेट नाही. खरं असेल. पण सेल विकणारा तुम्हाला 'अनुभव मिळेल' या बोलीवर सेल देतो का? गाळ्याचा मालक भाडं सोडतो का? वीज मंडळ बिल माफ करतं? पैसे नाहीत म्हणून फक्त एकाच माणसाला शून्य रुपये मिळतात. जो नाही म्हणू शकत नाही त्याला.

दुसरं उत्तर, "अहो, इंटर्नमुळे आमचाच वेळ जातो." हे मला पटतं. नवशिक्याला शिकवणं महाग असतं. मग त्याच्या कामावर गाडी कशी चालवता? इंटर्न एवढा निरुपयोगी असेल तर त्याचा कोड ग्राहकाच्या पॅकमध्ये काय करतोय? एकतर तो शिकतोय, मग शिकवा आणि त्याचं काम विकू नका. किंवा तो काम करतोय, मग पैसे द्या आणि ते काम तपासा. दोन्हीतलं सोयीचं तेवढं घ्यायचं, हे चालणार नाही.

तिसरं उत्तर, "आम्हीही असेच शिकलो." हो, मीही. आणि मी काय शिकलो ते वर लिहिलंय.

कुणाला वाटेल, हा आता मोठा झाला आणि शहाणपण शिकवतोय. तर हेही सांगतो. आज मी पगारी नोकरी करतो आणि गेल्या वर्षी माझ्या हाताखाली दोन इंटर्न होते. त्यातल्या एकाने कोड पाठवला आणि मी नऊ दिवस उघडला नाही. रिलीज होती, मीटिंगा होत्या. दहाव्या दिवशी त्याने घाबरत विचारलं, "सर, काही चुकलंय का?" तेव्हा मला आमच्या त्या सीनिअरची आठवण झाली. तो वाईट माणूस नव्हता. त्याच्यावर तीन माणसांचं काम होतं. माझ्यावर तेवढंही नव्हतं.

मग करायचं काय?

फी घेणाऱ्या कुठल्याही इंटर्नशिपला कॉलेजने क्रेडिट देऊ नयेत. एवढं करायला संसदेची गरज नाही, विभागप्रमुखाची एक नोटीस पुरते. विद्यार्थ्याकडून पैशांची पावती मिळाली की ते पत्र बाद.

स्टायपेंड किमान ९,००० असावा. पदवी झालेल्या शिकाऊला हा किमान आकडा ठरू शकतो, तर तेच काम सहा महिने आधी करणाऱ्याला शून्य का?

इंटर्नशिपच्या रिपोर्टवर काम तपासणाऱ्याचं नाव आणि सही असावी. कंपनीचा गोल शिक्का पुरणार नाही. ज्याने कोड वाचला त्या माणसाचं नाव हवं. अशी सही करायला कुणी तयार नसेल, तर तिथे शिकवणारं कुणी नाही, हे कॉलेजला त्या एका रकान्यावरून कळेल.

आणि कंपन्यांना एक फुकटचा सल्ला. इंटर्नच्या हातात सुरक्षेचा कोड देण्याआधी कटर द्या. त्याला सांगा, या पॅकच्या तारा एकेक करून तोड आणि काय होतं ते लिहून काढ. सेन्सर काढ, शॉर्ट कर, चार्जिंग चालू असताना कनेक्टर हलव. नवशिक्याला 'असं कधी होतं का' हे माहीत नसतं, म्हणून तो सगळं करून बघतो. महिन्याभरात तो बीएमएस शिकेल आणि तुमचा पॅक सुधारेल. मला जानेवारीत कुणी हे काम दिलं असतं, तर उणे चाळीस मेपर्यंत थांबलं नसतं.

शेवटी तुमच्याशी, जे आत्ता अशी पीडीएफ हातात घेऊन बसलात. तुमची अडचण मला माहीत आहे. 'नाही म्हणा' हे सांगणं सोपं आहे. निदान विचारा तरी. माझा कोड कोण वाचणार, त्यांचं नाव काय? तो विकल्या जाणाऱ्या मालात जाणार का? मला चूक सापडली तर ती कुठे नोंदवायची? आत्ता जे इंटर्न आहेत त्यांच्याशी मी बोलू शकतो का? उत्तर कसं येतं ते बघा. हे प्रश्न विचारल्याने ऑफर गेली, तर तिथे तुम्हाला काय वाढून ठेवलं होतं तेही कळलं.

त्या रात्री ज्युनिअरला मी हेच प्रश्न पाठवले. दुसऱ्या दिवशी ती फोनवर बोलली. महाप्याच्या त्या ऑफिसात तिने पहिलाच प्रश्न विचारला, कोड कोण तपासणार. समोरचा म्हणाला, "व्हॉट्सॲप ग्रुप आहे ना, त्यात ॲड करू."

तिने पैसे भरलेले नाहीत. अजून दुसरी जागाही मिळालेली नाही. पत्र जमा करायची शेवटची तारीख शुक्रवार आहे. मी माझ्या मॅनेजरकडे एका जागेसाठी, स्टायपेंडसकट, मेल टाकला आहे. रिव्ह्यू करणाऱ्याच्या नावापुढे माझं नाव लिहिलंय.